वाचकांचे प्रश्न : कुमासीचा माग आणि सोलापूरचा कारखाना

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून पूर्व भागात आमचा चादरींचा लहान कारखाना आहे. घानातील एका विद्यापीठात कला, वस्त्र आणि अभियांत्रिकी यांचे उपयोजित संशोधन एकाच आवारात चालते, असे ऐकले. ते कसे असते, आणि त्या धर्तीचा प्रकल्प सोलापुरात करता येईल का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आपण ऐकले ते बहुधा कुमासी येथील क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाविषयी असावे. १९५२ मध्ये तंत्र महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९६१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तेथे अभियांत्रिकीइतकेच चित्र-शिल्प व वस्त्रकलेचे शिक्षणही रुजले. बाटल्यांची धातूची बुचे तांब्याच्या तारेने जोडून विशाल पडदे घडवणारे शिल्पकार एल अनात्सुई तेथेच शिकले. १९७२ मध्ये विद्यापीठाने तंत्रज्ञान सल्ला केंद्र स्थापन केले व सुआमे या कारागीर वस्तीतील लोहारकाम-दुरुस्तीच्या दुकानांशी संबंध जोडले. अभियंत्याने प्रश्न घेऊन कारागिराकडे जायचे, ही दिशा मला सर्वांत मोलाची वाटते.

आता मागाकडे येऊ. कुमासीजवळच्या बोनविरे गावी केंटे हे वस्त्र सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या एकमेकींना शिवून मोठे वस्त्र तयार करतात. ताण्याचे लांब धागे विणकरापुढे दूरवर पसरलेले असतात, त्यांच्या टोकाला जड दगड बांधलेला असतो आणि वीण पुढे सरकते तसा तो ओढला जातो. ताण राखण्याचे काम तोच करतो. ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटींच्या दोन जोड्यांपैकी एकीने साधी वीण होते, तर दुसरी जोडी धाग्यांचे गट एकदम उचलते, त्यामुळे बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग ताण्याला झाकून टाकतो आणि नक्षीचा चौकोन उमटतो. शिवताना हे चौकोन शेजारच्या पट्टीशी जुळले पाहिजेत, म्हणून विणकराला प्रत्येक चौकोनाची उंची हातानेच काटेकोर राखावी लागते. अभियंत्याच्या दृष्टीने हा ताण आणि घनता यांच्या नियंत्रणाचा प्रश्न आहे, आणि तो कलेपासून वेगळा काढताच येत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर वेगळ्या रूपात उभा राहतो. चादरीची नक्षी कार्डांवरील भोकांत साठवलेली असली, तरी बीमवरचे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरचे, सूत उलगडत जाते तसा त्या गुंडाळीचा व्यास घटतो. ताण त्याप्रमाणे सांभाळला नाही, तर एकाच नक्षीचे फूल बीमच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चादरींत वेगवेगळ्या उंचीचे दिसते. आपल्या कारखान्यातील एकच माग निवडावा, भरलेल्या बीमपासून रिकाम्यापर्यंत ताण आणि फुलाची उंची ठरावीक अंतराने मोजावी व तिचा आलेख काढावा. ताण सुधारण्यासाठी लावायची वजने किंवा ब्रेक यांचा आराखडा, माग चालवणाऱ्या मामांना सोबत घेऊनच करावा, कारण सूत सैल पडल्याचे त्यांना आवाजावरून कळते.

नक्षीच्या हक्काकडेही लक्ष द्यावे. घानाने १९८५च्या कॉपीराइट कायद्यात केंटे व आदिंक्रा (ठशांनी चिन्हे उमटवलेले वस्त्र) यांसारख्या लोककलेला संरक्षण दिले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. जुन्या नक्षीची कार्डे अभ्यासाला घेताना ती कोणत्या घराण्याची, हे अहवालात नमूद करावे आणि त्या घराण्याची लेखी संमती आधीच घ्यावी.