निमसक्रिय लिहा, अर्धसक्रिय नको

लातूरहून स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय : 'सेमी-अॅक्टिव्ह डॅम्परला आम्ही अर्धसक्रिय अवमंदक लिहितो. त्यात अर्धं नेमकं काय असतं? आणि अवमंदक शब्द बरोबर आहे का?'

आधी एक. तो डॅम्पर आहे, म्हणजे भूकंपात इमारतीचं हलणं शोषून घेणारं यंत्र. डंपर नव्हे. डंपर गोदावरीतली वाळू वाहतो. किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की 'जपानात इमारतींना डंपर बसवतात' असं चांगली शिकलेली माणसंही ठोकून देतात आणि माझं डोकं फिरतं. (१९९३ला माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. त्या माळवदांना असल्या यंत्राचा काय उपयोग होता, ते वेगळंच.)

आता अर्ध्याचं. अर्धं काहीही नसतं. सक्रिय यंत्रणा बाहेरची ताकद लावून इमारतीला उलट ढकलते. सेमी-अॅक्टिव्ह यंत्रणा ढकलत नाही, आपला विरोध तेवढा क्षणोक्षणी कमीजास्त करते. टोकियोच्या मिराइकान संग्रहालयात २००१ साली असे डॅम्पर बसवले. आत तेल, तेलात लोखंडाचे बारीक कण. कॉइलमध्ये वीज सोडली की कण साखळीसारखे जुळतात आणि काही मिलिसेकंदांत तेल घट्ट होतं. एवढ्याला बॅटरी पुरते. वीज गेलीच तर साधा डॅम्पर म्हणून काम चालू राहतं. याला 'अर्ध' लावलं की ऐकणाऱ्याला ते अर्धवट वाटणारच.

'निम' घ्या. निमसरकारी मंडळ म्हणजे काही अर्धं सरकार नव्हे. अंग त्याचं स्वतःचं, हुकूम वरून. इथंही तेच आहे.

लगेच शुद्धीवाले उठतील : निम फारसी, निजामाच्या राजवटीचं खरकटं! अहो, फारसी नीम, पारशांच्या अवेस्ता ग्रंथातला नएम आणि ऋग्वेदातला नेम ही सख्खी भावंडं. तिघांचा अर्थ अर्धा. पाणिनीचं सूत्र १.१.३३ काढा : 'प्रथमचरमतयाल्पार्धकतिपयनेमाश्च'. अर्ध आणि नेम एकाच पंगतीत, मध्ये फक्त कतिपय! अर्ध सोवळा आणि निम ओवळा, हे कुणी ठरवलं?

आणि 'निम्मा'? कोशकार त्यावर फारसीचा शिक्का मारून मोकळे होतात. मला हे पटत नाही. माझा कयास असा की जुना नेम लोकांच्या तोंडी कुठंतरी टिकून होता, म्हणून फारसी निम आला तो घरच्यासारखा मुरला. 'निम्मं रान पेरलं, निम्मं पडीक' म्हणणाऱ्या आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना फारसी शिकवायला कोण मुन्शी बांधावर गेला होता? दरबारातून आलेले कितीतरी शब्द कचेरीतच राहिले. हा शेतापर्यंत, वाटणीपर्यंत, भाकरीच्या निम्म्या तुकड्यापर्यंत पोचला.

हां, अवमंदक. चालतो, राहू द्या. प्रकल्प-अहवालात 'निमसक्रिय अवमंदक' लिहा आणि सरांनी खोडलं तर सूत्राचा क्रमांक दाखवा.