पडक्या वाड्याच्या भिंती

प्रश्न : वाईजवळ आमचा जुना वाडा पडका झालाय. भिंतीत पिंपळ उगवलाय. गवंडी म्हणतो, पिंपळ उपटू आणि सिमेंटने दरजा (दगड-विटांमधल्या फटी) भरू. करून घेऊ का? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : दादा, आधी गवंड्याला थांबवा! पिंपळ ओढलात तर मुळांसोबत दगडही हातात येतील. बुंध्याशी कापा, फुटवा आला की पुन्हा छाटा, मुळं आतच वाळू देत. सिमेंट तर नकोच. चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटने ती आत कोंडते आणि विटांचे पापुद्रे सुटतात. दरजा चुन्यानेच, पावसाळा सरल्यावर भरा. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट हवं, चुना घाईने वाळू नये म्हणून. (गवंडी कुरकुरेल, कुरकुरू दे.) मातीच्या भिंतीचा माथा उघडा असेल तर आजच पत्रा टाका. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा जवळच आहे, गवंड्याला एकदा दाखवून आणा.