रेसिंगचा अनुभव नसताना अमेरिकेतल्या शार्लटच्या ओव्हलवर (लंबगोल रेसट्रॅकवर) स्टॉक कार, म्हणजे नेहमीच्या मोटारीसारखी दिसणारी शर्यतीची गाडी, चालवता येईल का?

येईल. तिथे पैसे भरून गाडी चालवू देणारे कार्यक्रम असतात. आधी माहितीवर्ग, मग फायरसूट-हेल्मेट, आणि रेडिओवरून प्रशिक्षकाच्या सूचना. क्लच-गिअरची सवय मात्र हवी. भारतात गाडी शिकलेल्यांना इथे फायदाच.

गाडीला उघडणारं दार नसतं, खिडकीतून आत शिरायचं. स्टिअरिंग काढून ठेवलेलं असतं, ते बसल्यावर लावतात. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर हा विचार आधी करा.

ट्रॅक दीड मैलाचा, वळणं २४ अंशांनी कललेली. टीव्हीवर तो उतार कळतच नाही, प्रत्यक्षात समोर भिंत उभी राहिल्यासारखी वाटते. भीती वाटते ती वळणात शिरताना, पण कललेला रस्ता गाडीला धरून ठेवतो. नजर बॉनेटपुढे नको, वळण जिथे संपतं तिकडे हवी. वळणाच्या मध्यात दचकून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नका, मागची चाकं हलकी होऊन गाडी फिरू शकते. सरळ पट्ट्यावरही गाडी डावीकडे ओढेल; तिची मांडणीच तशी असते.

माझ्या मते सर्वांत कमी फेऱ्यांचं पॅकेज घेऊ नका. पहिल्या काही फेऱ्या नुसत्या बिचकण्यात जातात. आणि नुकसान झालं तर किती भरावं लागेल, हे सही करण्याआधी वाचा.