आधी पत्रपेटीवर नाव लाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

आखेनला पोचलीस, खोली ताब्यात मिळाली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तुझी आई सांगत होती की बँकेचं कार्ड अजून आलेलं नाही, विम्याचंही काही नाही, आणि तू "येईल एक-दोन दिवसांत" म्हणून थांबली आहेस. थांबू नकोस. हे वाचून झालं की खाली जा आणि पत्रपेटीवर तुझं नाव आहे का ते बघ.

आपल्याकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघतो, शंका आली तर वॉचमनला विचारतो. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. रस्ता, घराचा नंबर, पिनकोड, गाव, संपलं. इमारतीत वीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरची आडनावं वाचतो आणि त्यात तुझं नसेल तर पत्र शेरा मारून परत पाठवतो. तुमच्या पेटीवर आधीच्या मुलामुलींची नावं असतील, त्यांच्याखाली तुझं आडनाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लाव. हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल बघणारा माणूस) छापील पट्टी देईपर्यंत कागदावर ठळक लिहून वरून सेलोटेप मारलास तरी चालतं. दारावरच्या बेलपाशीही तेच कर.

एवढ्या बारीक गोष्टीवर मी इतकं का लिहितेय? तर या देशात महत्त्वाचं बरंचसं अजूनही टपालाने येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची मागणी, सगळं पेटीत. (ती वर्गणी घरटी एकच असते. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीचा नंबर त्यांना कळवून टाक, दुप्पट भरू नकोस.) रोज संध्याकाळी पेटी उघडायची आणि पत्र त्याच दिवशी वाचायचं. फोनने भाषांतर कर, पण रक्कम आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी शोध. कधी पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी कचेरीचं किंवा कोर्टाचं पत्र, आलं तर त्यावर पोस्टमनने हाताने तारीख घातलेली असेल. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तू पाकीट फोडलंस त्या दिवसापासून नाही. म्हणून ते पाकीटही जपून ठेव. जे पत्र कळणार नाही त्याचा फोटो मला पाठव, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. घाबरून टेबलाच्या खणात सारलेल्या पत्रांनी मुलांचं किती नुकसान होतं ते मी इथे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जीव तुटतो.

पत्त्याची नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. कचेरीची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, लवकर मिळत नसेल तर मिळालेल्या तारखेचा ईमेल सांभाळून ठेव. रहिवासी परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेलाच पाहिजे. कार्ड हातात यायला महिने लागू शकतात, तोवर ते तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. त्यावर भारतात जाऊन परत येता येतं का, हे दिवाळीचं तिकीट काढायच्या आधी विचार, नंतर नाही.

आता परीक्षेबद्दल, कारण माझी खरी काळजी तीच आहे. आपल्या कॉलेजात फॉर्म भरायची आठवण करून द्यायला क्लार्कपासून मैत्रिणींपर्यंत सगळे असतात. इथे प्रत्येक पेपरची नोंदणी तूच पोर्टलवर करायची, आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. नोंदणी नसेल तर अभ्यास करून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात, आणि अनिवार्य विषयात तिसरा गेला की तो अभ्यासक्रमच बंद होतो. म्हणून तुझ्या कोर्सची परीक्षा नियमावली याच आठवड्यात वाच. नाव मागे कधीपर्यंत घेता येतं, आजारी पडलीस तर डॉक्टरचा दाखला कुणाला किती दिवसांत द्यायचा, हे सगळं तिच्यात असतं.

मार्क इथे उलटे चालतात, 1.0 सर्वांत वर आणि 4.0 ला पास. पहिल्या सेमिस्टरला 2.7 आले तर रडू नकोस. निकालानंतर तपासलेला पेपर बघायचा एक दिवस ठरवतात, त्याला मात्र न चुकता जा. बेरीज चुकलेली सापडते कधीकधी, पण खरा फायदा वेगळाच आहे. उत्तर कसं मांडलेलं त्यांना हवं असतं, कुठल्या पायरीला मार्क आहेत, ते तिथे समोर दिसतं. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेलाही जात जा. सरांना शंका विचारली तर आपण ढ ठरू, ही भीती तू घरून घेऊन गेली आहेस. ती वेळ त्यांनी त्यासाठीच राखून ठेवलेली असते. प्रश्न कागदावर नेमका लिहून ने, म्हणजे बोलताना अडखळणार नाहीस.

घरातलं थोडं. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघड, पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. खोलीतल्या जुन्या ओरखड्यांचे, डागांचे फोटो काढून घरमालकाला आजच मेल कर. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आण. अगदीच राहिलं तर हद्दीपलीकडे नेदरलँड्समधल्या फाल्सला बसने जाता येतं, तिथली सुपरमार्केटं रविवारी उघडी असतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाईल आणि मग पाचच्या सुमारास अंधार. आखेनला पाऊसही पुष्कळ. त्या दिवसांत खोलीत एकटी बसून राहू नकोस. मराठी मुलांची संगत असू दे, पण विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा एखादा वर्गही धर, बॅडमिंटन म्हण, काहीही. जर्मन तिथेच तोंडात बसेल. आणि मन फारच खचलं तर विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशन असतं, त्यांना सरळ मेल कर. ताप आला की डॉक्टरकडे जातो, इतकंच आहे ते.

नोकरीची घाई नको. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे हे खरं, पण ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला 992 युरो येतायत तोवर पहिलं सेमिस्टर अभ्यासाला आणि भाषेला दे. दुसऱ्या सेमिस्टरला विभागातच सहायकाचं काम मिळतं का बघू. त्यासाठीचा बायोडेटा फेब्रुवारीत मला पाठव, मी नीट वाचून कळवीन.

तुझी,
मावशी