वडिलांवर लिहायचं, पण आईचं काय?

पत्र: मी ४६ वर्षांची, इचलकरंजीत वाढले. वडील यंत्रमागावर कामाला होते. प्यायचे, आईला मारायचे. ते आता हयात नाहीत. एका दिवाळी अंकासाठी त्यांच्यावर लेख लिहिलाय, सोबत जोडते. भाऊ म्हणतो, 'घरची लक्तरं वेशीवर टांगशील तर केस करीन.' आईला वाचून दाखवायला गेले, तर उठून आत गेली. लिहिल्यापासून मला झोप नाही. पाठवू की फाडून टाकू?

उत्तर: ताई, फाडू नका. आणि या दिवाळीला पाठवूही नका.

लेख मी दोनदा वाचला. पगाराच्या संध्याकाळी आई तूरडाळीच्या डब्यात नोटा पुरून ठेवायची आणि तुम्ही दाराशी उभं राहून बाबांच्या सायकलचा आवाज ओळखायचात. चालवत येताहेत की हाताने ढकलत, यावरून ती रात्र कशी जाणार ते कळायचं. हे सगळं तुमचं आहे. त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही. अब्रूचं म्हणाल तर गल्लीतल्या प्रत्येक घराला तेव्हाही सगळं ऐकू जात होतं, मधे मात्र कुणी पडलं नाही.

तिसऱ्या पानावर मी थांबले. आई धाकट्याला कडेवर घेऊन रात्री विहिरीवर गेली आणि परत आली, हा प्रसंग. तुम्ही तेव्हा झोपेत होतात, पुढे मामीकडून तुम्हाला तो कळला. तो आईचा आहे, आणि कडेवर होता त्या भावाचाही. त्याला हे आधी माहीत होतं का? की तुमच्या लेखातच पहिल्यांदा वाचलं? मला वाटतं, त्याचा राग बाबांच्या अब्रूसाठी कमी आणि या चार ओळींसाठी जास्त आहे. आधी त्याच्याशी बोला, लेख बाजूला ठेवून.

आईचं उठून जाणं म्हणजे नकारच, असं मी धरणार नाही. होकार तर नाहीच नाही. तिला अख्खा लेख ऐकवू नका. दुपारी निवांत असेल तेव्हा डाळीच्या डब्यापुरता वाचा. ती स्वतःहून पुढे बोलली तर ऐका, वही-पेन जवळ नको. विहीर नको म्हणाली तर काढून टाका; सायकलच्या आवाजावर लेख उभा राहतो. नावं बदलून भागणार नाही, गाव ओळखतंच.

केसचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दिवंगत माणसाची बदनामीही येते. मजकूर त्याच्या घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर. छापायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा. आणि डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच ठेवा. शेवटच्या पानावरचे 'राक्षस', 'नराधम' हे शब्द उडवा. त्यांनी लेखाला काही मिळत नाही.

झोपेचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. तेव्हा ही तगमग फक्त तुमची नाही. तरी अजून आठवडाभर असंच राहिलं तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अंगावर काढू नका.

वर्ष वाया जाईल असं मनात आणू नका. बेबीताई कांबळे फलटणला आपल्या किराणा दुकानात बसून लिहायच्या, नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन छापून यायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली.

संपादकांना आजच फोन करून सांगा, लेख पुढच्या वर्षी देते. आणि लेखाची एक प्रत घराबाहेर, भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा.