अलास्कातल्या पेबल या प्रस्तावित तांबं-सोन्याच्या खाणीचं पाणी प्यायच्या पाण्याइतकं शुद्ध करून सोडलं, तर तिथल्या सॅल्मन माशांना धोका काय? आणि खाण अडवली कशी?

'प्यायच्या पाण्याइतकं शुद्ध' हे ऐकलं की राहवत नाही, म्हणून लिहितो. हा दाखला इथे साफ चुकीचा आहे. अमेरिकेत नळाच्या पाण्यात लिटरमागे 1300 मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं, तरच कारवाई करावी लागते. कोहो जातीच्या सॅल्मनच्या पिल्लाचं नाक 2 मायक्रोग्रॅमलाच बिघडतं, तेही तीन तासांत. ते तपासतात असं: टाकीत माशाच्या कातडीचा अर्क सोडायचा. फाटलेल्या कातडीचा वास म्हणजे शिकारी जवळ आहे, म्हणून धडधाकट पिल्लू जागीच थिजतं. तांब्याच्या पाण्यातून काढलेलं पिल्लू पोहतच राहतं. मासा मरत नाही, त्यामुळे 'किती मेले?' एवढंच मोजणाऱ्या चाचणीत पाणी पास होतं. नदीत मात्र तो पहिल्याच मोठ्या माशाच्या तोंडी जातो. समुद्रातून जन्माच्या ओढ्यात परतायची वाटसुद्धा सॅल्मन वासावरच ओळखतो.

शिवाय मादी शेपटीने गोट्या-खड्यांत खळगा करून अंडी पुरते. हिवाळाभर ती खड्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसलं की भूजल उतरतं आणि झिरपणं आटतं. पाइपाच्या तोंडाशी शुद्ध पाणी सोडून ते झिरपणं परत येत नाही.

धातू काढून उरलेला गाळ अडवणारा बांध तर खाण बंद झाल्यावरही कायम टिकवावा लागतो, कारण गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या माउंट पॉली खाणीचा असाच बांध 4 ऑगस्ट 2014 ला फुटला. पायाखालचा कमकुवत चिकणमातीचा थर सरकला आणि सुमारे 2.5 कोटी घनमीटर पाणी-गाळ खाली गेला. पेबल तर ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या नुशागाक आणि क्विचॅक नद्यांच्या उगमांशी आहे, आणि जगातले जवळपास निम्मे सॉकाय जातीचे सॅल्मन ब्रिस्टल बेचे.

अडवलं ते असं: 2020 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना नाकारला. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 404(क) खाली तिथल्या ओढ्या-पाणथळींत खाणीचा भराव टाकायला मनाई केली. पण हा प्रशासकीय आदेश आहे, पुढचं सरकार तो फिरवू शकतं. कायमचं संरक्षण हवं तर कायदाच करावा लागेल.

एक मात्र खरं, 2 मायक्रोग्रॅमचा आकडा स्वच्छ पाण्यातला. कुजलेल्या पाल्याने तपकिरी झालेल्या पाण्यात तांबं बांधलं जातं आणि त्रास कमी होतो. तरी शुद्ध पाण्याचा दाखला देणाऱ्याला दोनच आकडे विचारा: विरघळलेलं तांबं किती मायक्रोग्रॅम, आणि भूजल किती फूट उतरणार?