वाचकांचे प्रश्न : वडिलांचे ‘वय वंदना’ कार्ड आणि आईची एक जून

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून आईसह सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी राहतात. ते प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे सरकारी कार्ड मिळते असे कळल्यावर मी पुण्याहून त्यांची नोंदणी करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांच्या आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडला आहे आणि गावातील केंद्रात त्यांच्या बोटांचे ठसेही जुळले नाहीत. शिवाय “मला पेन्शन आहे, हे गरिबांचे आहे, आपण कशाला घ्यायचे?” असे त्यांचे म्हणणे. आई प्रत्यक्षात सत्तरीच्या पुढे आहे, पण आधारवर तिचे वय ६८ दिसते. आधारवरची तिची जन्मतारीख बदलून घ्यावी का? आणि हे कार्ड मिळाल्यास वडिलांचा दरवर्षी महागत चाललेला मेडिक्लेम बंद करावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वडिलांचा संकोच त्यांच्या पिढीला शोभणारा आहे, परंतु तो गैरसमजावर उभा आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती खरोखरच गरीब कुटुंबांच्या यादीपुरती होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना तिच्यात सामावून घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ देण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पेन्शन आड येत नाही आणि वडिलांनी कार्ड घेतले म्हणून गावातील एखाद्या गरजूचा हक्क कमी होत नाही. हे त्यांना फोनवरून पटवण्यापेक्षा शेजारी बसून सांगावे, कारण पुढचे सारे काम त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या उपस्थितीतच व्हायचे आहे.

आता आधारची अडचण. या नोंदणीसाठी आधार हाच एक दस्तऐवज लागतो आणि वयही त्यावरूनच धरले जाते. त्यामुळे आधारशी जोडलेला क्रमांक चालू नसला की बहुतेकांची गाडी आपल्यासारखीच पहिल्या पायरीवर अडते. क्रमांक बदलण्यासाठी जुन्या क्रमांकावरील ओटीपी लागत नाही आणि कागदपत्रही लागत नाही. वडिलांना आधार केंद्रात नेऊन नवा क्रमांक नोंदवता येतो. तेवढा प्रवास जमत नसेल तर पोस्टात चौकशी करावी, कारण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन हे काम करू शकतात. येथे एक सूचना आग्रहाने करतो. सोयीसाठी मुले बहुधा स्वतःचा क्रमांक देऊन मोकळी होतात. वडील स्वतः फोन वापरत असतील तर तसे करू नये. उद्या रात्री दोन वाजता सांगलीच्या रुग्णालयात ओटीपी मागितला जाईल आणि तो पुण्यात, उशाशी मूक करून ठेवलेल्या आपल्या फोनवर येईल.

बोटांचे ठसे न जुळणे हा दोष कोणाचाच नाही; उतारवयात बोटांवरील रेषा झिजतात, आणि निवृत्तीनंतर शेतीकडे लक्ष देणाऱ्यांच्या तर अधिकच. ओटीपी आणि ठसे यांखेरीज डोळ्यांच्या बुबुळावरून व चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. वडील नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहरा दाखवून देत असतील, तर चेहरा ओळखणारे जे आधारचे ॲप त्यासाठी लागते तेच येथेही चालते. ‘आयुष्मान’ ॲपमध्ये लाभार्थी म्हणून प्रवेश करून सत्तरीपुढील नागरिकांसाठीचा पर्याय निवडावा, आधारवरून ओळख पटवावी, छायाचित्र काढावे आणि पत्ता, पिनकोड व कुटुंबीयांची माहिती भरावी. चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा आणि चष्मा काढलेला असावा, एवढे पाहिले तरी अर्धे श्रम वाचतात. हे ॲपवर जमले नाही तर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ किंवा योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्र (रुग्णांना योजनेबाबत मदत करणारे कर्मचारी) नोंदणी करून देतात. कार्ड मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला किंवा फोनवर ओटीपी विचारणाऱ्याला ठामपणे नकार द्यावा. शंका आल्यास १४५५५ या मदत क्रमांकावर विचारता येते.

आईच्या जन्मतारखेबद्दल आपण स्पष्ट लिहिलेले नाही, परंतु ती एक जून असावी असा माझा अंदाज आहे. महाराष्ट्रातील त्या पिढीतील निम्मा गाव एक जूनला जन्मलेला असतो! शाळेत नाव घालताना गुरुजींनी अदमासाने जे वर्ष टाकले तेच पुढे दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि अखेरीस आधारवर आले. (गुरुजींच्याच घरात ही अडचण निघावी, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.) ती तारीख बदलण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते आणि त्यासाठी ग्राह्य पुरावा लागतो. आईकडे शाळेचा दाखला असलाच तरी त्यावर बहुधा तीच तारीख असेल. ती बदललीच तर बँक, पॅन आणि इतर कागदांशी मेळ घालत बसावे लागेल, ते वेगळेच.

मुख्य म्हणजे, त्याची गरजही नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने तिचा आरंभ झाला तेव्हा संरक्षण दीड लाखाचे होते. आता ते प्रतिकुटुंब दरवर्षी पाच लाखांचे असून शिधापत्रिका पिवळी, केशरी वा पांढरी असली तरी कुटुंब पात्र ठरते. त्यामुळे आईचे नाव शिधापत्रिकेवर आणि आधारवर सारखेच लिहिलेले आहे ना, हे पाहणे अधिक निकडीचे आहे. लग्नाआधीचे नाव एकीकडे आणि नंतरचे दुसरीकडे, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. या योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. आधारप्रमाणे आईने सत्तरी गाठली की तिचेही वय वंदना कार्ड करावे. मात्र तेव्हा दोघांना मिळून पाच लाख असतील, प्रत्येकी पाच लाख नव्हेत.

मेडिक्लेमविषयी : वय वंदना कार्ड घेण्यासाठी खासगी विमा सोडण्याची अट नाही, आणि तो घाईने सोडू नये. सरकारी कार्डात आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात, दाखल होण्यापूर्वीच्या तीन आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांच्या औषधांचाही अंतर्भाव असतो, हे खरे. परंतु बाह्यरुग्ण तपासणी आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. उपचार योजनेत सहभागी रुग्णालयातच घ्यावे लागतात. एखादे रुग्णालय हृदयासाठी सहभागी असून हाडांसाठी नसू शकते. आणि काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. उलट, चौऱ्याहत्तराव्या वर्षी बंद केलेली पॉलिसी पुन्हा घ्यायला गेल्यास जुन्या आजारांसाठी नव्याने प्रतीक्षाकाळ लागू होऊ शकतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. हप्ता अगदीच झेपेनासा झाला असेल तर प्रथम आपल्या तालुक्यात आणि सांगली–मिरजेत कोणती रुग्णालये कोणत्या आजारांसाठी योजनेत आहेत, हे आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे. वडिलांचे नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात पाठवतात ते त्यात असेल, तर पॉलिसीची रक्कम कमी करण्याचा विचार करता येईल.

प्रश्न : माझे सासरे माजी सैनिक असून साताऱ्यात राहतात व ईसीएचएसचे (माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचे) सदस्य आहेत. त्यांनी वय वंदना कार्ड घ्यावे का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ईसीएचएस, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना) यांसारख्या योजनांच्या सदस्यांना दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते, दोन्ही ठेवता येत नाहीत. सासऱ्यांना ईसीएचएसच्या दवाखान्यातून (पॉलिक्लिनिकमधून) तपासणी आणि नियमित औषधे मिळतात, ती वय वंदना कार्डावर मिळणार नाहीत. त्यांनी ईसीएचएसमध्येच राहावे, असा माझा सल्ला आहे. आणि नोंदणी करून देणाऱ्या एखाद्या शिबिरात उत्साहाच्या भरात त्यांचे आधार कोणाच्या हाती देण्यापूर्वी ‘आपण दुसऱ्या सरकारी योजनेचे सदस्य आहात काय’ या रकान्यात काय भरले जात आहे, ते स्वतः वाचून पाहावे.